आधी नॉर्मल ओळखा

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा एक दिवस

सकाळी ७.३०

रिपोर्टिंग रूममध्ये या वेळी गर्दी नसते. रात्रपाळीचे सीनियर अजून कॅज्युअल्टीत असतात, मामा लादी पुसत असतात. मी मॉनिटर सुरू करते आणि कालच्या यादीतून छातीचा एक एक्स-रे उघडते. नोकरीच्या किंवा ऑपरेशनआधीच्या फिटनेससाठी काढलेला एक्स-रे मुद्दाम निवडते, कारण तो बहुधा निर्दोष असतो. दिवसाची सुरुवात निरोगी छाती बघून करायची, ही सवय मला पहिल्याच आठवड्यात लावली गेली.

बघण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नाव, तारीख आणि टेक्निशियनने ठेवलेलं शिशाचं अक्षर, उजवी बाजू कोणती ते सांगणारं. मग श्वासनलिका. ती मध्यभागी असते, पण महाधमनीच्या कमानीपाशी किंचित उजवीकडे झुकते, आणि ते नॉर्मल आहे. मग फुप्फुसांची मुळं. डावं मूळ उजव्यापेक्षा थोडं वर असतं; उलटं दिसलं तर कुठलं तरी फुप्फूस आक्रसलं असल्याची शंका घ्यायची. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नको. श्वासपटलाचा उजवा घुमट डाव्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच, डाव्याखाली जठरातल्या हवेचा बुडबुडा. शेवटी नजर चुकवणाऱ्या जागा: गळपट्टीच्या हाडांमागची फुप्फुसांची टोकं, हृदयामागचा भाग, श्वासपटलाखालची पट्टी, खांद्याची हाडं.

व्युर्झबुर्गमध्ये रॉन्टगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण पहिल्यांदा ओळखले. त्या वर्षी डिसेंबरात त्याने पत्नीच्या हाताची छबी घेतली, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसते. इतक्या वर्षांनंतरही साध्या एक्स-रेचं मूळ तत्त्व तेच आहे: ती सावली आहे. सावलीत शरीराच्या चारच छटा वेगळ्या कळतात: हवा, चरबी, पाण्याच्या घनतेचे मऊ भाग आणि हाड. हृदय, रक्त, स्नायू, यकृत या सगळ्यांची छटा एकच. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी चौरासियांच्या शरीररचनेच्या पुस्तकात प्रत्येक अवयव वेगळ्या रंगात होता, नावाला बाण होता. इथे रंग नाही, बाण नाही. दोन छटा जिथे भेटतात तिथे कड दिसते, आणि अवयव ओळखायचा तो त्या कडेवरून.

सकाळी ८.३०

फिल्म रीडिंग. सर एक एक्स-रे लावतात आणि आमच्यापैकी एकाला पुढे बोलावतात. नियम एकच: "आजाराचं नाव नको. काय दिसतंय ते सांग."

आजचा एक्स-रे एका तापाच्या रुग्णाचा आहे. उजव्या फुप्फुसात खाली पांढुरका भाग आहे. माझा सहकारी सांगतो, "सर, उजव्या बाजूला खालच्या झोनमध्ये अपारदर्शक भाग आहे."

"हृदयाची उजवी कड दिसतेय?"

"नाही सर, पुसली गेलीय."

"आणि श्वासपटल?"

"ते स्पष्ट आहे."

"मग कुठला लोब?"

उत्तर आता आम्हा सगळ्यांना देता येतं. हृदयाची उजवी कड म्हणजे उजवं कर्णिक, आणि त्याला चिकटून असतो फुप्फुसाचा मधला लोब. त्या लोबमधली हवा जाऊन पू किंवा पाणी भरलं की दोन्हींची छटा एक होते आणि मधली कड नाहीशी होते. खालचा लोब मागे असतो, तो श्वासपटलावर टेकतो. त्यात न्यूमोनिया झाला तर श्वासपटलाची कड जाते आणि हृदयाची राहते. बेंजामिन फेल्सन यांनी १९५० साली या खुणेला सिल्हूट साइन हे नाव दिलं. सपाट चित्रात खोली नसते, तरी पुढचं-मागचं सांगता येतं ते शरीररचना माहीत असल्यामुळे. कोण कोणाला खेटून आहे, हे ज्याला पाठ आहे त्यालाच पुसलेल्या कडेचा अर्थ लागतो.

सर शेवटी १९७५ सालच्या एका प्रयोगाबद्दल सांगतात. कुंडेल आणि नोडीन या संशोधकांनी रेडिओलॉजिस्टना छातीचे एक्स-रे सेकंदाचा फक्त पाचवा भाग दाखवले. तेवढ्यातही जवळजवळ ७० टक्के दोष ओळखले गेले. हवा तितका वेळ दिल्यावर ते प्रमाण ९७ टक्क्यांपर्यंत गेलं. "पहिल्या झटक्यात जे कळतं, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या नॉर्मल छात्यांमुळे," सर म्हणतात. "आणि उरलेलं कळतं ते क्रमाने शोधल्यामुळे. तुम्हाला दोन्ही कमवायचंय."

सकाळी ९.३०

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकं भरलेली असतात. पोटाच्या तपासणीसाठी आलेले उपाशी, ओटीपोटासाठी आलेले पाणी पिऊन लघवी रोखून बसलेले. आत दिवा मंद, मशीन सुरू, सीनियर मॅडम माझ्या मागे उभ्या.

"आजी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाही गं बाई. च्याचा घोटसुद्धा नाही. पहाटेच्या एस्टीनं निघालोय."

उपाशी का बोलावतो, हे आजींना सांगते. जेवलं की पित्ताशय आकुंचन पावतं, रिकामं होतं आणि नीट दिसत नाही. आतड्यातला वायूही आड येतो. आजी मान डोलावतात. मी जेल लावते, प्रोब उजव्या बरगडीखाली टेकवते. "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा." श्वासपटल खाली येतं आणि त्याच्याबरोबर यकृत बरगड्यांखालून बाहेर सरकतं. हे दृश्य मेलेल्या देहात कधी दिसत नाही, पुस्तकात तर नाहीच. सोनोग्राफीत शरीररचना हलती असते: श्वासाबरोबर सरकणारं यकृत, आकुंचन पावणारं आतडं, श्वास आत घेताना चपटी होणारी अधोमहाशीर.

मॅडमची शिकवण अशी की आधी रक्तवाहिन्या शोधायच्या, अवयव आपोआप सापडतात. यकृतात दोन जातीच्या शिरा दिसतात. पोर्टल शिरेच्या भिंती पांढऱ्या, ठळक असतात. हिपॅटिक शिरांना तशी ठळक कड नसते. त्या तीन असतात आणि वर जाऊन अधोमहाशिरेत मिळतात. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की यकृताचा नकाशा हाती येतो.

मग स्वादुपिंड. नवख्याला सगळ्यात जास्त चकवतो तो हा अवयव. तो जठरामागे लपलेला, त्याचा रंग आजूबाजूच्या चरबीत मिसळणारा. त्याला थेट शोधायचं नाही. आधी कणा, त्याच्यापुढे डावीकडे महाधमनी आणि उजवीकडे अधोमहाशीर. महाधमनीतून पुढे निघालेली आतड्याची वरची धमनी एक काळा ठिपका म्हणून दिसते. त्या ठिपक्यावरून आडवी जाणारी प्लीहेची शीर. त्या शिरेच्या पुढ्यात जो पट्टा पहुडलेला असतो, तो स्वादुपिंड. जिथे ही शीर आतड्याच्या शिरेला मिळून पोर्टल शीर बनते, त्याच्या पुढ्यात स्वादुपिंडाची मान.

"दिसतंय का गं काही?" आजी विचारतात.

"दिसतंय आजी. एकेक करून बघतेय. आता डाव्या कुशीवर वळा."

किडनी बघताना शेजारच्या यकृताशी रंग ताडून बघायचा. निरोगी किडनीची बाहेरची पट्टी यकृताइतकी किंवा त्याहून थोडी गडद असते. ती यकृतापेक्षा उजळ दिसली तर थांबून विचार करायचा. मॅडम प्रोब हातात घेत नाहीत, तोंडाने सांगतात: "थोडा कोन बदल. दाब. आता फिरव." हाताला कळल्याशिवाय डोळ्याला कळत नाही, हे त्यांचं ठाम मत आहे, आणि रोज ते मला पटत जातं.

शेजारच्या खोलीत गरोदर बायकांची तपासणी चालते. दारावर गर्भलिंगनिदान गुन्हा असल्याचा फलक, टेबलावर कायद्याने भरायच्या एफ फॉर्मचा गठ्ठा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. बाळाच्या हृदयाचे चार कप्पे, लहान मेंदू, कण्याचे मणके, पोटात जठराची छोटी पिशवी, हे सगळं ओळखायला मी शिकते आहे. लिंगाबद्दल मात्र शब्द नाही, खूण नाही, चेहऱ्यावरचा भावही नाही. ज्ञानाला ही शिस्त हवीच. तिच्याशिवाय हेच मशीन मुलींच्या जिवावर उठलं होतं, हे आम्ही विसरता कामा नये.

सकाळी ११.३०

एक्स-रे विभागातून हाक येते. झाडावरून पडलेलं एक मूल, कोपर सुजलेलं. आईच्या हातात केसपेपर, डोळ्यांत पाणी. ऑर्थोच्या निवासी डॉक्टरला पटकन मत हवं आहे.

लहान मुलाच्या कोपरात मोठ्यांसारखी सगळी हाडं दिसत नाहीत. हाडांची टोकं कूर्चेची असतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. वय वाढतं तशी त्यात हाडाची केंद्रं उमटतात, आणि ती ठरलेल्या क्रमाने उमटतात: कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रेनन, बाहेरचा एपिकॉन्डाइल. साधारण वयं १, ३, ५, ७, ९, ११. वयात मागेपुढे होतं, क्रम सहसा मोडत नाही.

म्हणून मी क्रमाने मोजते. ट्रॉक्लियाच्या जागी हाडाचा तुकडा दिसतो, पण त्याच्या आधी यायला हवा तो आतला एपिकॉन्डाइल त्याच्या जागी नाही. मग हा तुकडा ट्रॉक्लिया नसून निखळून सांध्यात अडकलेला एपिकॉन्डाइलच असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या हाताचा एक्स-रे तुलनेला घेतो, सीनियरना दाखवतो, ते दुजोरा देतात. ऑर्थोचा डॉक्टर फोन काढून ऑपरेशन थिएटरला कळवतो. नॉर्मल वाढीचा क्रम माहीत नसता तर हा तुकडा वयानुसार आलेलं हाड म्हणून सुटला असता, आणि ते मूल वाकडं, आखडलेलं कोपर घेऊन मोठं झालं असतं.

दुपारी १२.३०

सीटीचा कन्सोल. काचेपलीकडे रुग्ण टेबलावर, अलीकडे टेक्निशियन काका. पहिल्या वर्षात मला सीटी शिकवणाऱ्यांत काकांचा वाटा मोठा आहे. किडनीचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय ते कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारं औषध, भरू देत नाहीत. इंजेक्शन सुरू झालं की घड्याळ लावतात. सुमारे अर्ध्या मिनिटात धमन्या उजळतात, सत्तर सेकंदांच्या आसपास पोर्टल शीर आणि यकृत. एकच अवयव वेगवेगळ्या क्षणी वेगळा दिसतो, हे इथे उभं राहून कळतं. धमनीच्या टप्प्यात प्लीहा पट्ट्यापट्ट्यांची दिसते. ज्याला वेळ माहीत नाही, त्याला ती आजारी वाटेल; मिनिटभराने तीच एकसारखी होते.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात निघाला. ते चित्र ८० गुणिले ८० चौकोनांचं होतं. आज आमच्या पडद्यावर ५१२ गुणिले ५१२ असतं. कॉर्मॅक यांच्यासह त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. हाउन्सफील्ड यांच्या नावाची मोजपट्टी आम्ही दिवसभर वापरतो: पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, कॉन्ट्रास्टशिवाय यकृत ५० ते ६०, ताजी रक्ताची गुठळी ६० ते ८०, घट्ट हाड हजारापर्यंत आणि त्याही पुढे.

इतक्या छटा डोळ्याला वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून विंडो निवडायची. मेंदूसाठी मध्य ४० आणि रुंदी ८०, म्हणजे शून्य ते ८० एवढ्याच भागाला सगळे करडे रंग वाटून द्यायचे. फुप्फुसासाठी मध्य उणे ६००, रुंदी १५००. त्याच छेदात एका विंडोत फुप्फूस नुसतं काळं, दुसऱ्या विंडोत त्यातली बारीकशी रक्तवाहिनीही दिसते. काका मला एकच छेद तीन विंडोंत दाखवतात आणि विचारतात, "मॅडम, आता बरगडी बघितली का?" हाडांची विंडो न लावता रिपोर्ट बंद करायचा नाही, हे त्यांच्याकडूनच अंगवळणी पडलं.

दुपारी २.००

मेसमध्ये पोळी-भाजी, वरण-भात. वीस मिनिटं.

दुपारी २.३०

रिपोर्टिंग. पोटाचा सीटी, शेकडो छेद. छेद पायांकडून बघितल्यासारखे मांडलेले असतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येते. यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे. सुरुवातीला मनात उलटसुलट करावं लागायचं, आता डोळा ते आपण होऊन करतो.

सीनियर मॅडम माझ्या शेजारी बसतात. त्यांची पद्धत अशी: एका वेळी एकच अवयव, वरपासून खालपर्यंत आणि पुन्हा खालून वर. यकृत बघताना फक्त यकृत. एका स्थिर छेदावर नाव सांगितलेलं त्या मान्य करत नाहीत. "हा गोल ठिपका शीर आहे म्हणतेस. कुठून आली? कुठे जाते? दाखव." आमच्या गावाकडे पाटाला पाणी सुटलं की बाबा बांधाबांधाने त्याच्यामागे चालत जायचे, कुठल्या वाफ्यात शिरलं, कुठे तुंबलं ते बघत. सीटीत रक्तवाहिनीमागे तसंच चालावं लागतं. गोल ठिपका वर-खाली सरकवल्यावर लांबत गेला तर वाहिनी. दोन-तीन छेदांत सुरू होऊन तिथेच संपला तर लसिकाग्रंथी. आडवा छेद दोन्हींना सारखंच दाखवतो, खरं काय ते मागोवा सांगतो.

यकृताचे आठ भाग क्लोद कुइनो यांनी १९५७ साली मांडले. तीन हिपॅटिक शिरा यकृताला उभं विभागतात, पोर्टल शिरेच्या फांद्या आडवं. सातव्या भागातली गाठ आणि पाचव्या भागातली गाठ यांत सर्जनच्या दृष्टीने फार अंतर आहे: कुठून शिरायचं, किती यकृत काढायचं, किती राखायचं, हे त्यावर ठरतं. "यकृतात एक गाठ आहे" एवढं लिहिलं तर सर्जनचं काम तिथेच अडतं.

मग नात्यांची तपासणी. आतड्याच्या वरच्या धमनीच्या उजवीकडे तिची जोडीदार शीर असायला हवी. उलट असेल तर गर्भात आतडं नीट वळलं नसल्याचा संशय. डाव्या किडनीची शीर महाधमनी आणि त्या धमनीच्या मधून पलीकडे जाते; काहींत ती महाधमनीच्या मागून जाते. त्रास काही नसतो, पण किडनीदानाच्या वेळी सर्जनला ते आधी माहीत असायलाच हवं.

आमच्याकडे तयार नमुने असतात. बटण दाबलं की पूर्ण नॉर्मल रिपोर्ट उमटतो आणि आपण फक्त बदल करायचे. मॅडमना ते नमुने आवडत नाहीत. पूर्वी ऑपरेशनने पित्ताशय काढलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये "पित्ताशय नॉर्मल" असं वाक्य जाणं, ही या व्यवसायातली सगळ्यांना ठाऊक असलेली चूक आहे, आणि ती अज्ञानातून होत नाही. न बघता ठेवलेल्या ओळीतून होते. म्हणून मी नमुना वापरत नाही. प्रत्येक अवयवाची ओळ बघितल्यावर टाइप करते. वेळ जास्त लागतो, आणि तो लागू देण्याइतका संयम मॅडमकडे आहे.

दुपारी ४.३०

आठवड्यातून एकदा आम्ही शरीररचनाशास्त्र विभागात जातो. पहिल्या वर्षाची मुलं टेबलाभोवती उभी असतात. आत शिरताना प्रत्येक जण टेबलापुढे हात जोडतो. ज्यांनी देहदान केलं ते आमचे पहिले गुरू, असं इथे मानतात आणि तसं वागतात.

देह चिरताना आपण पुढून मागे जातो: त्वचा, चरबी, स्नायू, मग पोटाचं आवरण, मग अवयव. सीटी मात्र आडवा छेद देतो. एकाच पातळीवरचे सगळे अवयव एकदम. ही दोन दर्शनं मनात जुळवणं हाच आमच्या शिक्षणातला अवघड टप्पा आहे. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय पिरोगोव या सर्जनने १८५० च्या दशकात गोठवलेले देह करवतीने तिन्ही दिशांनी कापून त्यांचा चित्रसंग्रह तयार केला होता. क्ष-किरणांच्या शोधाच्या चाळीसेक वर्षं आधी! सर्जनला आत हात घालण्याआधी आडवी रचना माहीत हवी, एवढाच त्यांचा आग्रह होता. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ साली एका पुरुषाच्या गोठवलेल्या देहाचे एक-एक मिलिमीटरचे १८७१ छेद जगाला खुले केले. टेक्सासमध्ये १९९३ साली मृत्युदंड दिलेल्या जोसेफ जर्निगन याचा तो देह होता. त्यात अपेंडिक्स नाही. ते आधीच काढलेलं होतं. जगभरातले विद्यार्थी ज्या देहावर नॉर्मल शिकले, तोही पुरता पाठ्यपुस्तकी नव्हता.

आज मला पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या कटिमणक्याच्या पातळीवरचा छेद समजवायचा आहे. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात त्यांना असे छेद ओळखावे लागतात. टेबलावर उघडा देह, शेजारी लॅपटॉपवर सीटी. एका मुलीला मी देहातलं स्वादुपिंड बोटाने दाखवायला सांगते आणि मग तेच पडद्यावर. ती गोंधळते. "ताई, इथे तर ते आडवं आणि लांब आहे, आणि सीटीत तुकड्यातुकड्यांत दिसतंय."

"कारण ते तिरकं आहे. शेपूट वर, डोकं खाली. एका छेदात पूर्ण मावणारच नाही. आता छेद खाली सरकव आणि शेपटापासून डोक्यापर्यंत जा."

ती सरकवते. तिसऱ्यांदा खाली-वर केल्यावर म्हणते, "सापडलं." तिचं बोट देहावर आणि नजर पडद्यावर आहे. माझ्या मते प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात देहाशेजारी सीटीचा पडदा पहिल्या दिवसापासून असायला हवा. मला हे शिक्षण उशिरा मिळालं, त्यांना वेळेवर मिळावं.

संध्याकाळी ६.००

एमआरआय. इथे किरणोत्सर्ग नाही. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून येणारा संदेश चित्र बनवतो. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३ चं नोबेल मिळालं. टी-वन चित्रात चरबी पांढरी आणि मेंदूभोवतीचं पाणी काळं, टी-टू चित्रात पाणी पांढरं. एक अवयव सगळ्या चित्रांत ओळखता आला पाहिजे, रंग कितीही बदलला तरी.

आजची केस मेंदूतल्या गाठीची. न्यूरोसर्जनचा प्रश्न एकच: गाठ हात हलवणाऱ्या भागाच्या किती जवळ आहे? तो भाग शोधायची रीत आहे. डोक्याच्या वरच्या छेदांत पुढून मागे जाणारी वरची फ्रंटल खाच पकडायची. ती ज्या आडव्या खाचेला भिडते, तिच्या मागची वळी म्हणजे हालचालींची वळी. तिच्यावर उलट्या ओमेगाच्या आकाराचा उंचवटा दिसला की हाताची जागा सापडली. त्यामागची खाच मध्यवर्ती. सर अंतर मोजतात आणि सर्जनला फोनवर सांगतात. त्या रुग्णाचा उजवा हात ऑपरेशननंतर चालेल की नाही, यात या ओळखीचा वाटा असणार आहे.

रात्री ८.००

सेमिनार. विषय: नॉर्मलच्या नाना तऱ्हा. शंभरातल्या साधारण एकाच्या उजव्या फुप्फुसात अझायगस शिरेने वेगळा काढलेला जास्तीचा लोब असतो. सुमारे चार-पाचशेंत एकाच्या दोन्ही किडन्या खालून जोडलेल्या असतात. साधारण दहा हजारांत एकाचे सगळे अवयव आरशातल्याप्रमाणे उलट्या बाजूला असतात. तेव्हा शिशाचं ते अक्षर नीट ठेवलेलं होतं का, यावर सगळं ठरतं. घोट्यामागचं जास्तीचं छोटं हाड फ्रॅक्चर वाटू शकतं; त्याच्या कडा चारी बाजूंनी गुळगुळीत, हाडाच्या पांढऱ्या रेषेने वेढलेल्या असतात, ताज्या फ्रॅक्चरची कड तशी नसते.

२०१३ सालच्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटीत गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या केसमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र टाकलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर त्या जागेवरून गेली होती. चर्चा बराच वेळ चालते. निष्कर्षावर आमचं एकमत होतं: जे शोधायला सांगितलं आहे तेच शोधत राहिलं की बाकीचं डोळ्यांसमोर असून दिसत नाही. म्हणून रुग्णाची तक्रार वाचायची, पण तपासणी मात्र प्रत्येक अवयवाची.

रात्री १०.३०

कॅज्युअल्टीची ड्यूटी. मोटारसायकलवरून घसरलेला तरुण, हेल्मेट नव्हतं, काही वेळ शुद्ध हरपली होती. डोक्याचा सीटी पडद्यावर येतो.

खालून सुरुवात. मेंदूतली चौथी पोकळी मध्यभागी. मेंदूच्या तळाशी पाण्याच्या जागा उघड्या आहेत, काळ्या आहेत. दाब वाढला असता तर त्या आधी मिटल्या असत्या. मधली रेषा सरळ. मध्यावर एक पांढरा ठिपका दिसतो, ती पिनियल ग्रंथीतली कॅल्शियमची साठवण, मोठ्या माणसांत नेहमीची. पार्श्व पोकळ्यांतलं कॅल्शियमही तसंच. कवटीच्या आतल्या बाजूने रक्ताचा पांढरा थर कुठे आहे का, ते थोड्या रुंद विंडोत बघते. नाही. मग हाडांची विंडो. डोक्याच्या मागे एक रेषा: नागमोडी, कडा घट्ट, दुसऱ्या बाजूलाही तिच्या जोडीची. कवटीचा सांधा आहे. फ्रॅक्चरची रेषा सरळ, धारदार असते आणि सांध्याच्या जागा पाळत नाही. चेहऱ्याची हाडं, सायनस, कानामागचं हाड, मानेचे दिसणारे मणके. सगळं पुन्हा एकदा, उलट्या क्रमाने. सीनियर येऊन बघतात, सहमत होतात.

बाहेर मोठा भाऊ उभा आहे. "मॅडम, डोक्यात काही नाही ना?"

"आत्ताच्या सीटीत रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. रात्रभर देखरेखीखाली ठेवतील. उलटी झाली, झोप जास्त वाटली तर लगेच सिस्टरना सांगा."

तो हात जोडतो आणि घरी फोन लावतो. माझ्या एका "नाही"वर एक घर आज झोपणार आहे. आजार सापडला की पुढे सर्जन असतो, पॅथॉलॉजिस्ट असतो, दुसरी तपासणी असते. आमचं मत तपासणारे खूप असतात. नॉर्मल लिहिलं की बहुतेकदा शोध तिथेच थांबतो, पुढे कोणी बघत नाही. म्हणून या शाखेत नॉर्मल हा सगळ्यात अवघड निष्कर्ष आहे, आणि तो लिहिण्याचा अधिकार अवयवामागून अवयव बघूनच मिळतो. तीन वर्षांनी एमडीची पदवी हाती येईल तेव्हा दुर्मिळ आजारांची नावं मला किती येतात, यापेक्षा माझा नॉर्मल किती पक्का आहे, यावर मी स्वतःला मोजेन. तोवर नियम एवढाच: जो अवयव मी पाहिला नाही, त्याची ओळ माझ्या रिपोर्टमध्ये नसेल.